वीस पिल्लं, नऊ नर: परसातल्या खुराड्याच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

जुनं खुराडं आज मोडलं. ओट्याखालचं, दगडी, पुढे फळी लावून बंद करायचं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यात चाळीस वर्षं कोंबड्या डालल्या. डिसेंबरात एका रात्री फळीखालची माती उकरून रानमांजर आत शिरलं आणि सातपैकी सहा कोंबड्या गेल्या. एक उचलून नेली, पाच तिथंच मारून टाकल्या. सकाळी फळी काढली तेव्हा आई काहीच बोलल्या नाहीत. पिसं गोळा करत राहिल्या, एकेक, पदरात. भुरी तेवढी वाचली, कारण ती कधी खुराड्यात यायचीच नाही, फणसावर झोपायची.

नवं बांधायचं ते आधी रात्रीचा विचार करून. बाकी सगळं नंतर.

१४ जानेवारी

जागा ठरली: परसात, विहिरीच्या वरच्या अंगाला. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. म्हणून जोतं दगडाचं, दीड फूट उंच. लांबी दहा फूट, रुंदी सहा. लांबट बाजू पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन थेट आत येत नाही आणि वारा आडवा खेळतो. साठ चौरस फुटांत वीस पक्षी, म्हणजे एकाला तीन फूट. रात्रीपुरतं दोन फुटांतही भागतं, पण पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस बाहेर सोडता येत नाहीत. तेव्हा तो जास्तीचा फूटच कामाला येईल.

२१ जानेवारी

जाळीवर दोन दिवस गेले. दुकानातून आधी षटकोनी घरांची ती नेहमीची कोंबडीजाळी आणली होती. स्वस्त, हलकी. गवंड्याने पक्कड लावून एक तार ओढली, तर पुढची चार घरं आपोआप उसवली. ही जाळी कोंबडी आत ठेवते, पण जनावराला बाहेर ठेवत नाही. परत केली. अर्ध्या इंची चौकोनी घरांची, जोड दिलेली जाळी घेतली. दुपटीहून महाग पडली, पण मुंगसाचं तोंड आणि मांजराचा पंजा दोन्ही तिच्यातून जात नाहीत.

भिंत खाली दोन फूट वीट, वर छपरापर्यंत जाळी. जोत्याच्या चारी बाजूंना जाळीचा एक फूट पट्टा जमिनीत आडवा पसरून वर माती आणि दगड टाकले. उकरणारं जनावर भिंतीच्या कडेलाच उकरायला लागतं, तिथं त्याला जाळी लागते. मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही.

दाराला कडी-कोयंडा, आणि कोयंड्यात रोज रात्री खिळा. नुसती कडी मांजर हलवून पाडतं.

२८ जानेवारी

आत बसायला दांड्या टाकल्या. आईंचं म्हणणं बांबू बरा. मी दोन इंच रुंदीच्या सागाच्या पट्ट्या घेतल्या आणि कडा रंधून गोल केल्या. कोंबडी रात्री पाय दुमडून त्यावर अख्खी बसते, पंजा पिसांखाली जातो. बारीक, गुळगुळीत बांबूवर तिला पकड धरून राहावं लागतं. एका पक्ष्याला आठ इंच. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर, दोन फुटांवर. पायऱ्या-पायऱ्यांनी लावल्या तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. अंडी घालायचे तीन खोके, फूट बाय फूट, दांड्यांपेक्षा खाली ठेवले. खोके वर असले तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि सगळी अंडी शिटेने माखतात.

४ फेब्रुवारी

एक दिवसाची वीस पिल्लं आणली, गिरिराज जातीची. खोक्यातून चिवचिवाट एवढा की एसटीत सगळे वळून बघत होते. नर-मादी निवडून मिळत नाहीत, जे नशिबात असेल ते.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत पत्र्याचं गोल कडं केलं. कोपरा कुठेच ठेवला नाही, कारण कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढून खालची गुदमरतात. तळाला भाताचं तूस, त्यावर पहिले तीन दिवस वर्तमानपत्र, नाहीतर ती तूसच खात बसतात. मध्ये बल्ब टांगला. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. पण तापमापकापेक्षा पिल्लंच जास्त सांगतात. बल्बखाली घोळका करून चिवचिवली तर थंडी, कड्याला चिकटून पंख पसरून धापा टाकत असली तर उकाडा, सगळीकडे पसरून झोपली तर ठीक. आधी गुळाचं पाणी, दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा.

रात्री दोनला वीज गेली. बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवल्या. कोळशाची शेगडी बंद खोलीत लावायची नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.

६ फेब्रुवारी

एक पिल्लू गेलं. कालपासून पंख पाडून उभं होतं. एकोणीस राहिली.

१० फेब्रुवारी

सातवा दिवस, लासोटा. मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची ही पहिली लस. लशीची सगळ्यात लहान बाटली सुद्धा शंभर पक्ष्यांची, आणि एकदा द्रावण मिसळलं की दोन तासांत संपवावं लागतं. एकोणीस पिल्लांसाठी एक बाटली फोडायची जिवावर आलं, म्हणून आधीच वाडीत फिरून सांगून ठेवलं होतं. चार घरांची पिल्लं डालग्यांतून आमच्या अंगणात आली. बर्फ घातलेल्या थर्मासातून लस आणली, सावलीत बसून प्रत्येकाच्या एका डोळ्यात एक थेंब. थेंब टाकला की पिल्लू हातात धरून ठेवायचं. ते पापणी मिटून उघडतं आणि थेंब आत जातो. घाई केली तर थेंब गालावरून ओघळतो आणि पिल्लू लशीविना राहतं. शहाऐंशी पिल्लं झाली. असं दर वेळी वाडीने मिळूनच करावं असं मला मनापासून वाटतं. एका घरात मानमोडी आली की ती कुंपण बघत नाही.

१८ फेब्रुवारी

गंबोरोची, म्हणजे पिल्लांच्या आणखी एका साथीच्या रोगावरची लस. वाडीतली दोनच घरं आली.

१७ मार्च

सहा आठवडे पूर्ण. आज सगळी नव्या घरात हलवली. अंधार पडल्यावर बघितलं तर एकही दांडीवर नाही, एकोणीसच्या एकोणीस दारामागच्या कोपऱ्यात गठ्ठा करून. एकेक उचलून दांडीवर बसवलं. तीन रात्री असंच करावं लागेल असं आई म्हणाल्या. भुरीला पण त्यांनी फणसावरून उतरवून आत बसवलं; तिने रात्रभर कुरकुर केली.

तुरे आता लाल दिसायला लागलेत. जाड पाय, ताठ मान, मोठा तुरा असे मोजले. नऊ. दुसऱ्यांदा मोजले तरी नऊच. दहा तलंगांमागे, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्यांमागे, नऊ नर. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. मी घर बांधलं ते रानमांजराच्या हिशेबाने, नरांचा हिशेब माझ्या डोक्यात नव्हताच.

२४ मार्च

कोंबड्यांच्या देवी रोगावरची लस, पंखाच्या पडद्याला टोचून. संध्याकाळी होळी.

७ एप्रिल

मानमोडीची मोठी लस, आर-टू-बी. ती डॉक्टरांनी स्वतः टोचली. आता कोंबड्या दिवसभर मोकळ्या: शेणखताचा उकिरडा, फणसाखालचा पालापाचोळा, वाळवी. खाद्य निम्म्यावर आलं. संध्याकाळी मात्र मूठभर कण्या खुराड्यातच टाकायच्या, म्हणजे पाचच्या पुढे आपणहून आत येतात.

२ मे

पहिली बांग. उन्हात, दुपारी, तांबड्याने. आवाज फाटका, मध्येच तुटलेला, आणि झाल्यावर तो स्वतःच दचकून बाजूला झाला. आम्ही ओट्यावर होतो. आई म्हणाल्या, "घर झालं आता."

२६ मे

पहाटे चारपासून बांगा. शेजारच्या आप्पांकडे नात आलीय, दोन महिन्यांची. आप्पा स्वतः येऊन म्हणाले, "वहिनी, कोंबडा आरवायचाच, त्याला काय म्हणायचं, पण नऊ नऊ आरवायला लागल्यावर पोर झोपत नाही बघा." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या बाजूच्या जाळीला आतून गोणपाट लावला. आत अंधार राहिला की बांग उशिरा सुरू होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आवाज थोडा दबला, वेळ तीच राहिली.

तेच होणार होतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलंय की कोंबडा नुसता उजेड बघून नव्हे, अंगातल्या घड्याळावर आरवतो. सतत मंद उजेडात ठेवले तरी सुरुवातीला ते रोज साधारण ठरलेल्या वेळीच आरवत राहिले. २०१५ मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट मांडली: कळपात जो वरचढ असतो तो पहिल्यांदा आरवतो, मग बाकीचे मानाच्या क्रमाने.

आज साडेतीनला उठून दाराशी बसून ऐकलं. आवाज आता ओळखू येतात. आधी तांबडा. मग काळा, त्याची बांग शेवटी खाली येते. मग कबरा. मग बाकीचे, कोण कुठला ते नीट कळत नाही. चार वेळा तोच क्रम. खुराड्याच्या आत काय चाललंय ते जाळीबाहेरून बसून कळतं, हे मला फार मोलाचं वाटलं.

१६ जून

पाऊस लागला. तूस ओलं झालं की उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात. माणसाच्या नाकाला लागला म्हणजे कोंबडीच्या उंचीवर तो कितीतरी जास्त असणार. ओलं तूस काढलं, चुन्याची भुकटी भुरभुरली, वर कोरडं चार इंच. पश्चिमेकडचं छप्पर दोन फुटांनी पुढे काढलं. दोन तलंगांना रक्ती हगवण होती. दवाखान्यातून पाण्यातलं औषध आणून पाच दिवस दिलं, दोघी सावरल्या.

औषध पाजताना तलंग उलटी धरली आणि पाठ दिसली. पिसं नव्हतीच. शेपटीच्या वर तळहाताएवढी जागा उघडी, लाल, आणि बगलेखाली नखाने फाटलेली जखम. मग सगळ्या धरून बघितल्या. दहांपैकी सहा तशा. मी रोज दारात दाणे टाकत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. नर एकोणीस आठवड्यांचे झालेत. एक तलंग खाली उतरली की तिघे धावतात. त्या दांडीवरून उतरतच नाहीत, खायलाही नाही. कालपर्यंत मी म्हणत होते की पावसामुळे बसून आहेत.

१७ ते २१ जून

घरामागचा शेळ्यांचा जुना गोठा सतराला सकाळीच साफ केला, जाळी मारली, संध्याकाळपर्यंत नऊही नर तिकडे नेले. तिथून खुराडं दिसत नाही, ते महत्त्वाचं. नर एकत्र वाढलेले असले आणि मादी नजरेला पडत नसली तर एकमेकांत फारसे भांडत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिल्या दिवशी तांबड्याने दोघांचे तुरे फोडले. तिसऱ्या दिवसापासून शांत. जखमांना हळदीचा लेप, जखमी तलंगा चार दिवस वेगळ्या डालग्याखाली. लाल मांस उघडं दिसलं की बाकीच्या चोची मारत सुटतात.

तलंगा दुसऱ्याच दिवशी खाली उतरल्या. तुसात अंग घुसळून, पंख पसरून, तासभर धूळस्नान करत होत्या.

३० जून

आता ठेवायचा कोण? मोठा तांबडा सगळ्यांना आवडतो. तुरा भरदार, वजन तीन किलोच्या आसपास, चाल राजासारखी. वाडीत दोघांनी त्यालाच ठेवा म्हणून सांगितलं. पण मी आठवडाभर रोज एकेक नर तासभर माद्यांत सोडून बघतेय.

तांबडा: दाणे टाकले की स्वतः खातो. मादीवर आवाज न करता मागून धावतो. परवा पुतण्याच्या पोटरीवर उडाला, नखीने रक्त काढलं.

काळा: मादीभोवती एक पंख खाली पाडून अर्धं गोल फिरतो, ती बसली तरच जातो. फार सावध. पण सारखा दूरच उभा.

कबरा: काल गांडूळ सापडलं. खाल्लं नाही. चोचीत उचललं, टाकलं, परत उचललं, टाकलं, आणि टुक-टुक-टुक करत माद्यांना हाक मारली. फाटक्या पाठीची तलंग आली, तिने गांडूळ खाल्लं, हा बाजूला उभा राहून मान वाकडी करून आभाळाकडे बघत होता.

आईंना विचारलं. त्यांनी तिघांचे पाय उचलून बोटं सरळ आहेत का ते बघितलं, छातीच्या हाडावरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "ज्याच्यापाशी कोंबड्या जातात तो ठेव. आपण निवडून काय करायचंय?"

कबरा आणि काळा. आलटून पालटून, एक माद्यांत, एक गोठ्यात. एकाला काही झालं तर दुसरा हवा.

१४-१५ जुलै

आखाड लागलाय. देवीला कोंबडा, शिवाय पुढे श्रावण, म्हणून या महिन्यात नराला वर्षातला सगळ्यात चांगला भाव येतो. फेब्रुवारीत आणलेली पिल्लं बरोबर आखाडात तयार होतात, हा आमच्या भागातला जुना हिशेब. सहा विकले, त्यात तांबडा. एक घरी केला. मी पिल्लू असल्यापासून त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेत, तेव्हा हे सोपं गेलं असं लिहिणार नाही. पण नऊ नर ठेवून त्या सहा पाठी पुन्हा फाडू द्यायच्या, हे मला मान्य नव्हतं.

दुसऱ्या पहाटे तांबडा नव्हता. पहिली बांग काळ्याने दिली, त्याच चारच्या सुमाराला. आप्पा म्हणाले, पोर आता झोपतं.

२८ जुलै

पहिलं अंडं. मधल्या खोक्यात, लहान, टोकाला रक्ताची बारीक रेघ. पंचविसावा आठवडा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवायला लागले. जिला हवा ती खाते, नरांनी खाल्ला तर त्यांना उपयोग नाही.

१७ ऑगस्ट

भुरी खुडूक बसली. गिरिराज माद्या अंड्यांवर फारशा बसत नाहीत, तो गुण त्यांच्यातून गेलाय. गावठी भुरीचा आहे. आईंनी पाटीत माती, वर भाताचा पेंढा, आणि अकरा अंड्यांची रवण घातली. पाच भुरीची स्वतःची, सहा गिरिराजची, सगळी कबऱ्याकडून. पाटीत कोळसा आणि लोखंडी खिळा ठेवला, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. ठेवू दिला. गिरिराज ही मुळात संकरित जात, तिच्या पिल्लांत आईबापाचे गुण सारखे उतरत नाहीत. तरी काय निघतं ते बघायचंय.

२४ ऑगस्ट

सातवा दिवस. अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली. नऊ अंड्यांत कोळ्यासारख्या लाल शिरा, मध्ये हलणारा ठिपका. दोन कोरी. आईंनी पहिल्यांदाच असं बघितलं. एक अंडं हातात धरून किती वेळ बघत होत्या.

७ सप्टेंबर

एकविसावा दिवस, गणेश चतुर्थी. इकडे आरतीची तयारी, तिकडे पाटीतून चिवचिव. आठ निघाली, एक कवचात मेलं. संध्याकाळी भुरीला आठही पिल्लांसकट मोठ्या डालग्याखाली ठेवलं.

२२ सप्टेंबर

कबऱ्याचे दोन इशारे वेगळे आहेत, हे आज नीट कळलं. जमिनीवरून कुत्रं, मांजर आलं तर कट-कट-कटाक, मोठमोठ्याने, मान उंच करून, आणि कोंबड्या उभ्या राहून बघतात. आभाळात घार किंवा शिक्रा दिसला तर एकच बारीक, लांब, ओढलेला आवाज, आणि त्या क्षणी अंगण रिकामं. आज दुपारी तो दुसरा आवाज आला. भुरी पंख पसरून बसली, सात पिल्लं आत शिरली. आठवं विहिरीच्या काठाला लांब होतं. शिक्र्याने नेलं. कबरा त्या दिशेला धावला होता, पोचला नाही.

विहिरीकडच्या मोकळ्या जागेत तुरीच्या काट्या आडव्यातिडव्या टाकल्या, पिल्लांना धावत जाऊन लपायला.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. आज सगळ्यांचे पाय तपासले. काळ्याच्या पायांचे खवले उचललेले, खाली भुकटी, म्हणजे बारीक किडे झालेत. कोमट पाण्यात पाय भिजवून, जुन्या दातब्रशने घासून खोबरेल लावलं. आठवडाभर रोज लावायचं. कबऱ्याची नखी अंगठ्याएवढी झालीय, टोक कानशीने गोल केलं. तो माझ्या काखेत शांत होता, काळीज तेवढं जोरजोरात लागत होतं.

कबऱ्याला त्याच्याच लेकींवर ठेवायचं नाही. आईंच्या माहेरी ढेबेवाडीकडे एक चांगला गावठी नर आहे, मार्चमध्ये अदलाबदल करायचं बोलणं झालंय.

भुरीची पिल्लं पाच आठवड्यांची झाली. तुरे बघितले: सातात चार नर. या खेपेला गोठ्यातला कप्पा आत्ताच वाढवायचा. चार फूट जाळी आणि एक बिजागरी, उद्या बाजारातून.